भक्तीचा घाम

आमच्या गावठाणातल्या एका आजीला दर रविवारी भक्तीचा घाम येतो, ही माहिती मला प्रशिक्षणाच्या पहिल्याच वर्गात मिळाली.

प्रशिक्षण होते आजारी आणि घराबाहेर पडू न शकणाऱ्या माणसांना कम्युनियन नेऊन देण्याचे. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, आशीर्वादित झालेला ख्रिस्तप्रसाद, म्हणजे ती पातळ पांढरी चकती, पूर्वी फादर स्वतः घरोघर नेत. कांदिवलीत शेतांच्या जागी टॉवर आले, टॉवरमध्ये म्हातारी माणसे आली, आणि फादरांची संख्या मात्र होती तेवढीच राहिली. त्यामुळे हे काम आम्हा प्रापंचिकांकडे सोपवण्यात आले. मी त्यात शिरले ती निव्वळ ओढीने, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परदेशी विद्यापीठांच्या अर्जात समाजसेवेसाठी एक रकाना असतो आणि माझा तो रिकामा होता. आईला हे ठाऊक होते. "रकान्यासाठी का होईना, पण देवाच्या कामाला लागलीस," एवढेच ती म्हणाली.

वर्ग घेत होत्या आमच्या पथकाच्या प्रमुख, एक निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे आंटी म्हणत. निवृत्ती फक्त शाळेने घेतली होती. मुख्याध्यापकी त्यांच्याकडेच होती.

"थरथरते गं ती," आंटी सांगत होत्या. "कपाळावर घामाचे थेंब. नजर कुठेतरी लागलेली. मी 'ख्रिस्ताचं शरीर' म्हणते, तर 'आमेन'सुद्धा अडखळत येतं. आपल्याला येतो का कधी असा घाम? आपण रांगेत उभे राहतो आणि समोरच्याची साडी बघतो."

वर्गाने खजील होऊन माना खाली घातल्या. मी वही उघडी धरून बसले होते. मी जीवरसायनशास्त्र शिकले आहे आणि अंधेरीच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. घाम, कंप, हरवलेली नजर, अडखळती वाचा. वर्गाने हे गुण म्हणून ऐकले. मला ती लक्षणे वाटली. परंतु नव्या सेविकेने पहिल्याच दिवशी संतपदाच्या उमेदवाराची तपासणी मागणे शिष्टसंमत नसते. मी वही मिटली.

कामाची पद्धत अशी. रविवारची पहिली मिस्सा संपली की फादर वेदीवरून एक छोटी सोनेरी डबी देतात. तिच्यात त्या दिवशीच्या आजाऱ्यांपुरता ख्रिस्तप्रसाद असतो. डबी पांढऱ्या रेशमी पिशवीत घालून गळ्यात लटकवायची आणि दोघांनी मिळून निघायचे. गळ्यात डबी असेपर्यंत वाटेत रेंगाळायचे नाही, कोणाशी गप्पा मारायच्या नाहीत, फोनकडे पाहायचे नाही; वेदीपासून थेट आजाऱ्याच्या उशापर्यंत. नियम सुरेख आहे. त्यात न्याहारीचा उल्लेख नाही, आणि ज्याचा उल्लेख नाही ते निषिद्ध नाही, असा आंटींनी त्याचा अर्थ लावला होता.

आंटी आणि मी, आमच्या जोडीचे पहिले घर हायवेजवळच्या उंच टॉवरमध्ये होते. तिथे चर्चच्या समितीचे माजी सचिव राहत. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ते खाली उतरत नसत, पण त्यांचे सचिवपण लिफ्टशिवायही सगळीकडे पोचत असे. सगळे त्यांना अंकल म्हणत. प्रार्थना झाली, अंकलनी ख्रिस्तप्रसाद घेतला, की आंटी गळ्यातली डबी उतरवून शोकेसमध्ये, कॅरमच्या चषकाशेजारी ठेवत, पुढे मेणबत्ती लावत, आणि आम्ही तिच्याकडे पाठ करून तळलेले गोलमटोल फुगे, ऑम्लेट आणि केक खात असू. पाठ करणे हा आदराचा भाग होता. त्यानंतरच्या घरांतही थोडेफार हेच. क्रम कोणी ठरवला हे कोणालाच सांगता येत नव्हते. मला मात्र त्याचे सूत्र लवकरच सापडले. ज्या क्रमाने लिफ्ट खालावत जातात, त्याच क्रमाने आम्ही देव नेत होतो. आधी टॉवर, मग जुन्या सोसायट्या, मग चाळी, आणि सर्वांत शेवटी गावठाण, जिथे लिफ्टही नव्हती आणि केकही नव्हता.

तिथे आजी राहत होती. माझ्या पहिल्या रविवारी आम्ही पोचलो तेव्हा अकरा वाजत आले होते.

पुढच्याच खोलीत तिची खाट होती. शेजारी स्टुलावर इस्त्रीचे पांढरे कापड, त्यावर क्रूस, पाण्याचा पेला आणि एक मेणबत्ती, जी सकाळपासून जळत असावी, कारण तिचे आता नुसते बूड उरले होते. घरात दुसरे कोणी नव्हते. दार लोटलेले होते. आजी उशीला टेकून बसली होती. लुगड्याचा पदर नीट डोक्यावर घेतलेला, हात जोडलेले, आणि ते जोडलेले हात थरथरत होते.

"बघ," आंटी माझ्या कानात कुजबुजल्या.

मी पाहिले. कपाळावर घाम होता, वर पंखा पूर्ण वेगात असूनही. मी तिचा हात हातात घेतला. तो थंड आणि ओला होता. खाटेखाली झाकण घातलेली एक थाळी दिसली. मी झाकण उचलले: तांदळाची भाकरी, सुकटाची चटणी, तुकडाही मोडलेला नाही.

"आजी, सकाळपासून काय खाल्लंत?"

आंटींनी डोळे वटारले. डबी उघडी असताना अवांतर बोलणे नियमात खरोखरच बसत नव्हते.

आजीने माझ्याकडे पाहिले, पण नजर माझ्यावर नीट ठरेना. "खाऊ कशी, बाय?" ती हळूहळू म्हणाली. "अजून देव आला नाय."

मग सगळे उलगडले. पूर्वी कम्युनियन घ्यायचे तर मध्यरात्रीपासून पाण्यावाचून काही पोटात जाऊ देत नसत. तो नियम चर्चने कधीच बदलला. आता तासाभराचा उपवास पुरतो आणि आजाऱ्यांना तर तेवढाही नाही. हे जगभर सर्वांना कळले होते. फक्त आजीला ते कोणी सांगितले नव्हते, किंवा सांगितले असेल तर तिने ते मनावर घेतले नव्हते.

आंटींनी प्रार्थना म्हटली, आजीने अडखळत आमेन म्हटले, ख्रिस्तप्रसाद घेतला. तो गिळून होताच मी आत जाऊन पेल्यात साखर ढवळली आणि तिला घोटघोट पाजली. थोड्या वेळाने हातांचा कंप थांबला, घाम सुकला, आजीने माझ्याकडे रोखून पाहिले आणि विचारले, "ही कोणाची पोरगी?"

"बघितलंस?" आंटी गहिवरून म्हणाल्या. "ख्रिस्तप्रसाद पोटात गेल्याबरोबर कशी शांत झाली!"

साखरेचा पेला माझ्या हातातच होता. मी तो खाली ठेवला.

एवढ्यात आजीचा मुलगा आणि सून मिस्सा आणि बाजार आटोपून परतले. आजीला बरीच वर्षे मधुमेह होता हे मला तेव्हा कळले. मुलगा रोज सकाळी तिला इन्शुलिनचे इंजेक्शन देई, आणि ते दिले की लगेच खाणे आवश्यक असते. एरवी सून समोर बसून खाऊ घाली. रविवारी इंजेक्शन देऊन, थाळी झाकून दोघे बाहेर पडत, आणि परत येईपर्यंत आम्ही येऊन गेलेलो असू व थाळी रिकामी झालेली असे. इंजेक्शन वेळेवर, भाकरी दुपारी. रक्तातली साखर मधल्या काळात तळाला जाई. आम्ही त्या तळाला भक्ती म्हणत होतो.

मी हे समजावून सांगितले तेव्हा मुलगा भिंतीला टेकून खाली बसला.

"म्हणजे दर रविवारी? मी हातानं सुई टोचून जातो नि ही अशी..." मग तो आईवर उसळला. "आये, मेली असतीस!"

"देव घ्यायच्या आधी मी खानार नाय."

"मग देव बंद! आंटी, उद्यापासून इथं येऊ नका. नाव काढा आमचं."

"कम्युनियन नको बंद करू," आजी म्हणाली. "इंजेक्शन बंद कर."

दोघांनीही माझ्याकडे पाहिले, जणू निर्णय मी देणार होते. प्रश्न अगदी सरळ होता: आजीचे कम्युनियन तुटणार, की आजीच हातची जाणार.

मी विज्ञानाच्या सवयीने सोप्या उपायापासून सुरुवात केली. फादर आले. नवे, तरुण, उत्साही. त्यांनी खाटेशेजारी बसून नियम समजावला, वर असेही सांगितले की आजाऱ्याने खाऊन घेणे हीच देवाची इच्छा. आजीने सगळे ऐकून घेतले, "होय फादर" म्हटले, त्यांच्या हाताचे चुंबन घेतले. पुढच्या रविवारी पुन्हा काही खाल्ले नाही.

"तुम्ही फादरना होय म्हणालात ना?" मी विचारले.

"फादर शिकलेले हायत," आजी म्हणाली, "पण लहान हायत."

दुसरा उपाय: इंजेक्शनच कम्युनियननंतर द्यावे. डॉक्टरांनी तो एका वाक्यात मोडीत काढला. सकाळचे इंजेक्शन दुपारवर गेले तर संध्याकाळचे त्याच्या फार जवळ येते, आणि या वयात रात्रीच्या जेवणापासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उपाशी ठेवणे हा उपचार नव्हे. पहाटे उठून लवकर काही करता आले तर पाहा, ते म्हणाले.

तिसरा उपाय होता आजीचे मन वळवणे. मी एका संध्याकाळी मुद्दाम गेले, आणि बरेच तर्क घेऊन गेले. आजीने ते सगळे संपू दिले.

"चर्चला जाता येत नाय," ती मग म्हणाली. "गुडघे टेकता येत नायत. तेर्सची जपमाळ हातात घेतली की मध्येच मोजायची विसरते. सून न्हाऊ घालते, पोरगा सुई टोचतो. मी स्वतः करते असं काय उरलंय सांग? उपास तेवढा जमतो अजून. तो पण काढून घेतेस?"

मी तर्क परत घेतले. ते चुकीचे नव्हते. पण त्यांचा रोख तिच्या साखरेवर होता आणि ती बोलत होती स्वतःविषयी.

उरला एकच मार्ग. पहिली मिस्सा भल्या सकाळी संपते. आजीचे घर चर्चपासून हाकेच्या अंतरावर आहे. डबी घेऊन सर्वांत आधी तिच्याकडे गेले तर तिचा उपवास मध्यरात्रीपासूनचा आणि पूर्ण, कम्युनियन वेळेवर, मग इंजेक्शन, मग भाकरी. कोणालाच काही सोडावे लागत नव्हते. फक्त क्रम बदलायचा होता. मी हे भाबडेपणाने आंटींना सांगितले.

"पहिलं घर अंकलचं आहे," आंटी म्हणाल्या.

"हो, पण का?"

"कारण ते पहिलं आहे."

"आंटी, अंकल उपाशी नसतात. आपण जातो तेव्हा त्यांची अंडी खाऊन झालेली असतात."

"हे बघ," आंटी मुख्याध्यापिकेच्या आवाजात म्हणाल्या, "आज एकाचा नंबर बदलला, उद्या सगळे मागतील. समितीत मांड."

मी समितीत मांडले. समितीने विषय गंभीर असल्याचे एकमताने मान्य केले. सेवाक्रमाचा सर्वांगीण अभ्यास करण्यासाठी एक उपसमिती नेमली आणि दरम्यान आजीसाठी विशेष प्रार्थना करण्याचे ठरवले. प्रार्थना खरोखर झाली, माइकवरून. घाम मात्र दर रविवारी नियमित येत राहिला, आणि मुलगा साखरेचे पाणी घेऊन मिटलेल्या ओठांसमोर बसत राहिला. शेवटी त्याने मला चर्चच्या फाटकाशी गाठले.

"तुम्ही चांगलं करताय, मला कळतंय," तो म्हणाला. "पण या रविवारी शेवटचं. पुढच्या खेपेला मी दार उघडणार नाय. ती शिव्या देईल, रडेल, चालेल मला. जिवंत राहून रडेल ना?"

मी त्याला दोष देऊ शकले नाही. त्याच संध्याकाळी मी एकटीच अंकलकडे गेले.

सोबत मी एक आलेख नेला होता: इन्शुलिननंतर रक्तातली साखर उपाशीपोटी कशी घसरते. अंकलनी चष्मा लावून तो नीट पाहिला आणि त्यावर चहाचा कप ठेवला.

"ही सेवा कोणी सुरू केली ठाऊक आहे?" त्यांनी विचारले. "मी सचिव असताना. लोक म्हणत होते, साध्या माणसांच्या हातून कम्युनियन? मी भांडून पास करून घेतलं. तेव्हा हे गुडघे धड होते. आता तीच डबी पहिल्यांदा माझ्या दारात येते, ते काही उगाच नाही."

"बरोबर आहे, अंकल."

"मग? त्या म्हातारीला मी दुष्ट वाटत असेन."

"तिला तुम्ही माहीत पण नाही, अंकल."

हे मी बोलायला नको होते. त्यांचा चेहरा पडला. आरोग्य, वैद्यक, करुणा, कशानेही हे दार उघडणार नाही हे माझ्या लक्षात आले. या घरात एकच शास्त्र चालत होते, मानाचे. मी त्याच्या नियमांनी विचार करायला सुरुवात केली.

"अंकल, एक विचारू? सणाच्या मिस्सेला मिरवणूक निघते, तेव्हा पुढे कोण चालतं?"

"क्रूस. मेणबत्तीवाली मुलं."

"आणि सगळ्यात शेवटी?"

"शेवटी फादर. बिशप आले तर बिशप." ते थांबले. कप आलेखावरून उचलला आणि तसाच हातात धरला. "पुढे बोल."

"फेरी जिथे संपते तिथे डबीत उरलेला ख्रिस्तप्रसाद आदराने ग्रहण करायचा असतो. डबी तिथेच धुवायची. सांगतेची प्रार्थना तिथे. आत्ता हे सगळं गावठाणात घाईघाईनं उरकतं, कारण आम्ही दमलेले असतो. खरं तर ते घर... म्हणजे ते घर तोलामोलाचं हवं. मी फादरना विचारलंय. त्यांची काही हरकत नाही."

फादरना मी विचारले होते हे खरे. त्यांची हरकत नव्हती, कारण घर कोणते हे त्यांनी विचारले नव्हते.

"आणि सांगता झाली की डबी रिकामी," मी पुढे म्हणाले. "मग न्याहारीला निवांत बसता येईल. पाठ करून बसावं लागणार नाही."

अंकलनी कप बाजूला ठेवला. मग सचिवाच्या आवाजात म्हणाले, "माझ्या तब्येतीमुळे मी शेवटचं घर स्वीकारतो असं लिहू नका. समितीच्या विनंतीवरून स्वीकारतो, असं लिहा."

समितीने रविवारच्या आतच विनंती केली. उपसमिती, जी अद्याप एकदाही भरली नव्हती, आभार मानून विसर्जित झाली. पाठ करण्याचा भाग संपणार म्हटल्यावर आंटींचाही विरोध मावळला. नंतरच्या एका बैठकीत दोन घरांनी शेवटच्या क्रमांकावर दावा सांगितला, आणि त्यावर अभ्यास करण्यासाठी नवी उपसमिती नेमण्यात आली. पण त्यात आता कोणाचा जीव अडकलेला नव्हता, म्हणून मी तिच्याविरुद्ध काही बोलले नाही.

मुलाने शेवटचा म्हणून सांगितलेल्या त्या रविवारी पहिल्या मिस्सेनंतर आम्ही चर्चच्या मागच्या गल्लीने थेट गावठाणात शिरलो. मुलगा दारातच उभा होता, हातात सुई तयार, चेहऱ्यावर अविश्वास. आत मेणबत्ती नुकतीच पेटवलेली होती, पूर्ण उंचीची.

"एवढ्या लवकर?" आजी गडबडून पदर सावरत म्हणाली. "देव आज घाईत हाय का?"

तिचे हात जोडलेले होते, स्थिर. कपाळ कोरडे. आंटींनी "ख्रिस्ताचं शरीर" म्हटले आणि आजीने असे खणखणीत "आमेन" म्हटले की शेजारच्या घरातला कुत्रा भुंकला. मग तिने डोळे मिटले. मुलगा सुई घेऊन उभा, सून थाळी घेऊन उभी, मी श्वास धरून उभी. आजीने देवाचे आभार सावकाश, एकही शब्द न गाळता मानले, डोळे उघडले आणि दंड पुढे केला.

"आज भक्ती जरा कमी वाटली गं," आंटी मला हळूच म्हणाल्या. त्या खरोखर हिरमुसल्या होत्या.

आजीला मात्र वेगळीच शंका होती. "एवढ्यात संपला उपास?" तिने भाकरीचा तुकडा मोडत विचारले. "हा कसला उपास? ही तर देवाची फसवणूक झाली."

मी घाईने म्हणाले, "आजी, मध्यरात्रीपासून पूर्ण आहे तो. काहीही वाढवायचं नाही. शनिवारचं जेवण सोडलंत तर..."

"जेवण कशाला सोडू? शनिवारच्या चहातली साखर सोडीन. नि बिस्किटं."

मुलाने कपाळावर हात मारला. "डॉक्टर किती वर्षं तेच सांगतायत!"

"डॉक्टरसाठी नाय सोडत," आजी तोंडात घास असतानाच म्हणाली. तिने चटणीचे बोट चाटले, आमच्याकडे पाहिले, आणि आम्ही अजून तिथेच उभ्या आहोत हे पाहून तिला आश्चर्य वाटले. तिच्या हिशेबी कम्युनियनची वाट पाहणारा प्रत्येक माणूस तिच्यासारखाच रात्रीपासून उपाशी होता.

"बसलात काय गं बघत? जा लवकर," ती आंटींना दटावून म्हणाली. "बाकीचे पण बिचारे भुकेले असतील."

आंटींनी गळ्यातली डबी सावरली, माझी नजर टाळली, आणि त्या घाईघाईने दाराबाहेर पडल्या.